मॅटर पुन्हा पुन्हा पळतंय? स्क्रायबसच्या चाचणी आवृत्तीत टेक्स्ट फ्लो कसा तपासावा

लक्षण असं: स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये पान लावलं तेव्हा लेख तिसऱ्या कॉलमच्या तळाशी बरोबर संपत होता. पुन्हा फाइल उघडली तर शेवटच्या दोन ओळी गायब आणि फ्रेमच्या, म्हणजे मजकुराच्या चौकटीच्या, खालच्या उजव्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोची (मजकूर मावत नसल्याची) फुली. मजकुराला कुणी हात लावलेला नाही, पॉइंट साइज तीच, फ्रेमचं मापही तेच. मग ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, जरा आवळून ओळी बसवल्या जातात, काम पुढे सरकतं आणि पुढच्या वेळी तीच फुली भलत्याच पानावर उगवते.

चाचणी आवृत्तीवर काम करत असलो की पहिला संशय अर्थातच प्रोग्रामवर जातो. बीटा आहे, बग असणार. कधी ते खरंही निघतं. पण मराठी मजकुरापुरतं बोलायचं तर मॅटर पळण्याची बहुतेक कारणं मजकुरात आणि फॉन्टमध्ये दडलेली असतात, नवी आवृत्ती ती फक्त चव्हाट्यावर आणते. म्हणून तपास मजकुरापासून सुरू करावा, मग फॉन्ट, मग फ्रेम, आणि प्रोग्रामवर सगळ्यात शेवटी यावं. उलट्या क्रमानं गेलं तर काय होतं? बग नोंदवला जातो, डेव्हलपर नमुना फाइल मागतात, त्यांच्याकडे ती ठणठणीत उघडते आणि ‘आमच्याकडे दिसत नाही’ एवढ्यावर प्रकरण मिटतं. तुमच्याकडे फुली असतेच.

आवृत्तीबद्दल दोन शब्द

स्क्रायबसच्या क्रमांकातला मधला आकडा विषम असला की ती विकासातली आवृत्ती (१.५, १.७) आणि सम असला की स्थिर (१.४, १.६). १.४ पर्यंत देवनागरीचा आनंदच होता. जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडे जायची, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांनी तो प्रोग्राम एकदा उघडून बंद केलेला असतो. २०१७ साली १.५.३ मध्ये मजकूर बसवणारं इंजिन नव्यानं आलं. अक्षरांना आकार द्यायला हार्फबझ आणि ओळ कुठे तुटू शकते ते ठरवायला आयसीयू, अशा दोन तयार लायब्ररी त्यात घेतल्या गेल्या. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांतही हार्फबझच आहे. या इंजिनावरची स्थिर आवृत्ती १.६.० जानेवारी २०२४ मध्ये आली.

हे सांगायचं कारण असं, की ‘माझ्याकडे १.७ आहे’ एवढ्यानं आवृत्ती सांगून होत नाही. लिनक्सवर पॅकेजमधून बसवलेला स्क्रायबस सिस्टिममधलं हार्फबझ वापरतो. ॲपइमेज किंवा विंडोजचा इन्स्टॉलर स्वतःचं हार्फबझ बरोबर घेऊन येतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन मशीनवर स्क्रायबसचा आकडा एकच असूनही अक्षरं जुळवणारा भाग वेगळा असू शकतो, आणि एखाद्या रात्री सिस्टिम अपडेट झाली की स्क्रायबसला हात न लावता पान बदललेलं असतं. ‘कुणीच काही केलं नाही’ या तक्रारीमागचा एक गुन्हेगार हा.

आणि चाचणी आवृत्तीत फाइल उघडायची ती कॉपी करूनच. नव्या आवृत्तीनं सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडेल अशा भरवशावर राहू नका.

मजकूर: जे दिसत नाही ते

दिवाळी अंकाचं किंवा स्मरणिकेचं मॅटर कसं येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक लेख वर्डमध्ये, एक व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी, एक कुठल्याशा वेबपानावरून उचललेला, आणि एखाद्या ज्येष्ठ लेखकाचा श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टात) टाइप केलेला, तो कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणलेला. पडद्यावर चारही सारखेच दिसतात. आतून ते चार वेगळे प्राणी असतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारं अक्षर म्हणजे ॲ. ‘ॲड.’, ‘ॲप’, ‘ॲसिड’ यातलं. हे एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. आपल्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले ते २००९ मध्ये. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं लोक साधा अ टाइप करून त्यावर चंद्र चढवत आले. काहींनी अ आणि चंद्र यांच्या मध्ये झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदी नसलेला सांधा, घातला. म्हणजे एकाच अंकात एकच अक्षर तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं. यातला अ अधिक चंद्र हा प्रकार युनिकोडला मान्य नाही. पूर्वीची हार्फबझ तो मुकाट चालवून घ्यायची, अलीकडची त्या चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढते. ते वर्तुळ जागा घेतं, ओळ लांबते, शेवटचा शब्द खाली पडतो. एखाद्या वकिलांच्या सत्काराचा लेख असला, दर परिच्छेदात चार वेळा ‘ॲड.’ असलं, की पानाच्या तळाशी दोन ओळी बाहेर गेल्याच म्हणून समजा.

दुसरी बाजूही आहे. २००८ च्या आधीच्या फॉन्टांत एकसंध ॲ नसतोच. मग तिथे चौकोन येतो. तेव्हा आधी फॉन्ट कुठला आहे ते पाहा आणि मगच सगळ्या अ अधिक चंद्राचं एकसंध ॲ मध्ये फाइंड-रिप्लेस करा. हे काम स्क्रायबसमध्ये आणण्यापूर्वी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करावं, तिथे तिन्ही रूपं वेगवेगळी शोधता येतात.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसण्याचं आणखी एक कारण कन्व्हर्टरच्या मजकुरात सापडतं. जुन्या फॉन्टांत अनुस्वार आणि वेलांटी कुठल्याही क्रमानं मारली तरी छापून बरोबर यायची, कारण ती शेवटी चित्रंच होती. युनिकोडमध्ये आधी वेलांटी किंवा मात्रा, मग अनुस्वार, हाच क्रम. ‘नाहीं’ सारख्या जुन्या लेखनात किंवा ‘मुलांनीं’ सारख्या शब्दात कन्व्हर्टरनं तो उलटा सोडला की शेवटची वेलांटी वर्तुळावर जाऊन बसते. जुन्या लेखांचं पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं, कारण त्या मजकुरात असे अनुस्वार पावलोपावली असतात.

मग येतो नॉन-ब्रेकिंग स्पेस. दिसायला साधी मोकळी जागा, पण तिथे ओळ तुटत नाही. वेबपानावरून किंवा काही ऑनलाइन एडिटरांतून आलेल्या मजकुरात कधी कधी दर दोन शब्दांमध्ये हाच असतो. परिणाम दोन तऱ्हांचे. थोडेच असले तर तीन-चार शब्दांची माळ एकदम खालच्या ओळीत उतरते आणि वरच्या ओळीत जस्टिफायमुळे भलेमोठे गॅप पडतात. सगळीकडेच असले तर ओळ तोडायला जागाच उरत नाही, मग शब्द अधेमध्ये कुठेही तुटतात नाहीतर त्या परिच्छेदापासून पुढचं सगळं मॅटर ओव्हरफ्लोत जातं. फ्रेम कितीही मोठी केली तरी फुली जात नसेल तर पहिला संशय यावर घ्या. इथे मात्र सरसकट रिप्लेस करायला हरकत नाही. ‘डॉ.’ आणि आडनाव यांच्यामधला, किंवा आकडा आणि ‘रु.’ यांच्यामधला तेवढा पुन्हा घाला.

झीरो विड्थ जॉइनरच्या बाबतीत ही मुभा नाही. ‘नको ती अदृश्य अक्षरं एकदम काढून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो, इंग्रजी मजकुराला तो चालतोही. मराठीत हा सांधा र च्या आडव्या रूपासाठी लागतो. ‘दर्‍या’ मधून तो काढला की ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या दऱ्या जातात आणि समुद्र येतो. ‘सुर्‍या’, ‘वार्‍या’ यांचंही तेच. ऱ म्हणजे नुक्ता असलेला र वापरून टाइप केलेलं असेल तर सांधा गेला तरी बिघडत नाही, पण आलेल्या मॅटरमध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतात. म्हणून आधी ‘र, हलन्त, सांधा’ हा क्रम शोधून त्याचं ‘ऱ, हलन्त’ करून घ्यायचं. उरलेले सांधे त्यानंतर एकेक पाहून काढायचे.

हे सगळं डोळ्यांना दिसावं म्हणून व्ह्यू मेनूतलं ‘शो कंट्रोल कॅरॅक्टर्स’ चालू करा. त्यात आणखी एक चोर सापडतो: फ्रेम ब्रेक. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं गेलं की तो पडतो आणि पुढचं मॅटर थेट पुढच्या फ्रेममध्ये उडी मारतं. शिफ्टही दाबलेलं असेल तर कॉलम ब्रेक. घाईत टाइप करताना हे हमखास होतं. पानावर शोधून सापडत नसेल तर एसएलए फाइल, म्हणजे स्क्रायबसची कामाची फाइल, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ती आतून एक्सएमएलच असते. ‘ब्रेकफ्रेम’ आणि ‘ब्रेककोल’ हे शब्द रोमन लिपीत, एकसलग, लहान अक्षरांत शोधले की कुठल्या मजकुराच्या पुढे ते पडलेत ते लगेच कळतं. फक्त तिथल्या तिथे खोडून सेव्ह करू नका. जागा पाहून घ्या आणि दुरुस्ती स्क्रायबसमध्ये करा.

फॉन्ट: एकाच नावाचे दोन

फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराच्या वरच्या आणि खालच्या मर्यादेचे आकडे एकाच जागी नसतात. तीन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेले असतात आणि कुठला प्रोग्राम कुठल्या सिस्टिमवर यातलं काय वाचेल याचा नेम नाही. लॅटिन फॉन्टात हे तिन्ही जवळपास असले तर फरक जाणवत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, चंद्रबिंदू आणि खाली उकार, शिवाय खालून जोडलेली जोडाक्षरं, असा पसारा असल्यामुळे हे आकडे मुळातच मोठे असतात आणि फॉन्ट बनवणारे ते आवृत्तीगणिक सुधारत असतात.

आता लाइन स्पेसिंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवलेलं असेल तर ओळींमधलं अंतर याच आकड्यांवरून निघतं. हिशेब करून पाहा. कॉलम ६०० पॉइंट उंच आहे, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर. अंतर १५ पॉइंट निघत असेल तर पहिल्या ओळीचा फरक सोडला तर ४० ओळी बसतात. फॉन्ट अपडेट झाला आणि तेच अंतर १५.४ निघालं, तर ३८. डोळ्याला ०.४ पॉइंट दिसत नाही, पण दर कॉलममागे दोन ओळी गेल्या. तीन कॉलमच्या पानावर सहा. सुरुवातीला सांगितलेल्या लक्षणाचं उत्तर पुष्कळ वेळा एवढंच असतं.

यावर उपाय सोपा आहे आणि खरं तर सगळ्या मजकुराला तोच असावा: परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये लाइन स्पेसिंग ‘फिक्स्ड’ करा आणि आकडा स्वतः द्या. देवनागरीत ऑटोमॅटिक वापरायचं काही कारण मला तरी दिसत नाही. त्यात ओळीत एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा दुसऱ्या फॉन्टमधून आला की तेवढीच ओळ वरखाली होते, ते वेगळंच.

त्याच्याच जोडीला फॉन्टच्या प्रती मोजा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मोफत असल्यामुळे ते तीन वाटांनी मशीनवर येतात: सिस्टिमबरोबर, कुठल्या तरी वेबसाइटवरून डाउनलोड करून, आणि एखाद्या जुन्या कामाच्या फोल्डरमधून. नाव एकच, आवृत्ती वेगळी. स्क्रायबस यातली कुठली उचलतोय ते प्रेफरन्सेसमधल्या फॉन्टच्या यादीत फाइलच्या पत्त्यासकट दिसतं. एक ठेवा, बाकीच्या काढा. टीममध्ये दोघं-तिघं पानं लावत असतील तर फॉन्टची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच असू द्या आणि सगळ्यांनी तीच बसवावी.

फॉन्टशी लागून एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी तपासत नाही: भाषा. कॅरॅक्टर स्टाइलमध्ये भाषा निवडण्याची जी जागा असते ती हायफनसाठीच आहे असा समज असतो. पण तीच भाषा हार्फबझलाही कळवली जाते, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यानुसार अक्षराचा आकार बदलतो. आपला मराठी वळणाचा ल आणि श, आणि हिंदी वळणाचे ल-श, हे काही फॉन्टांत एकाच फाइलमध्ये असतात. भाषा मराठी असेल तर एक, नाहीतर दुसरा. दोन्हींची रुंदी सारखी असेलच असं नाही. नवीन मशीनवर डीफॉल्ट भाषा इंग्रजी राहिली, किंवा बाहेरून आणलेल्या परिच्छेदाला हिंदीचं लेबल लागलेलं असलं, तर ‘ल’ बदलतो. आणि मराठी गद्यात ल किती वेळा येतो ते सांगायला नको. लागला, पडला, झाला, म्हणाला, आपला, तुला, मला. दर ओळीत केसभर फरक पडत गेला तरी लांब लेखात दहा-वीस ठिकाणी ओळ वेगळीकडे तुटते.

ओळखायची खूण अशी, की एकाच लेखात दोन वळणांचे ल दिसतात. मुद्रितशोधकाला ते अनेकदा आपल्या आधी दिसतं, ‘हा ल वेगळा का?’ असं समासात लिहून येतं आणि आपण दुर्लक्ष करतो. तो मजकूर निवडून भाषा मराठी करा, आणि ती स्टाइलमध्ये करा, एकेका परिच्छेदाला नको.

फ्रेम आणि साखळी

इथे गोष्टी बऱ्यापैकी उघड असतात, म्हणून भराभर जातो. एक मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे पहिल्या ओळीची जागा.

टेक्स्ट फ्रेमच्या सेटिंगमध्ये ‘फर्स्ट लाइन ऑफसेट’ नावाची निवड असते. ‘मॅक्सिमम असेंट’ ठेवलं तर पहिल्या ओळीत प्रत्यक्ष जी अक्षरं आहेत त्यातल्या सगळ्यात उंच अक्षरावरून ती ओळ किती खाली बसेल ते ठरतं. ‘फॉन्ट असेंट’ ठेवलं तर फॉन्टच्या पूर्ण उंचीवरून. ‘लाइन स्पेसिंग’ ठेवलं तर ओळीच्या ठरलेल्या अंतरावरून. रोमन लिपीत पहिला पर्याय खपून जातो, कारण जवळजवळ प्रत्येक ओळीत एखादं उंच अक्षर असतंच. मराठीत पहिली ओळ ‘घर तसं लहान’ अशी असेल तर उंची वेगळी आणि ‘मैत्रीची गोष्ट’ असेल तर वेगळी. म्हणजे पहिल्या ओळीतला एक शब्द प्रूफात बदलला की आख्खा कॉलम पॉइंट-दोन पॉइंट खाली सरकतो आणि तळाची ओळ, जी काठावर बसलेली असते, ती पुढच्या कॉलममध्ये जाते. ती गेली की पुढच्या कॉलमची पहिली ओळ बदलते, आणि तिथेही तेच. शेजारशेजारच्या कॉलमांच्या ओळी एका रेषेत येत नाहीत ही तक्रारही याचीच. ‘लाइन स्पेसिंग’ निवडा, दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतरावरच्या रेषा) वापरत असाल तर परिच्छेदांमधलं अंतर ग्रिडच्या पटीत असू द्या. १५ च्या ग्रिडवर ४ पॉइंटची मोकळी जागा दिली तर पुढची ओळ ४ पॉइंट खाली जात नाही, थेट पुढच्या रेषेवर जाते. उपशीर्षकं जास्त असलेल्या पानावर याची किंमत कॉलमभर मोजावी लागते.

फोटोभोवती मजकूर वळण्याबद्दल एवढंच लक्षात ठेवायचं, की मजकूर फक्त आपल्या वर असलेल्या वस्तूभोवती वळतो. फोटो खालच्या पातळीवर गेला तर मॅटर सरळ त्याच्यावरून जातं आणि कॉलममधली जागा एकदम वाढते. तोच पुन्हा वर आणला की ओळी बाहेर. म्हणजे ‘सेंड टु बॅक’ चुकून लागलं की टेक्स्ट फ्लोचा बग दिसल्याचा भास होतो. लेअरच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. लेअरच्या यादीत खालच्या मजकुराला वळायला लावण्याची खूण केलेली असेल तर तो लेअर लपवला तरी त्यातल्या चौकटी मजकुराला ढकलतच राहतात. रिकाम्या जागेला वळसा घालून मजकूर जात असेल, तिथे काहीच दिसत नसेल, तर लपवलेले लेअर एकेक करून उघडा. तिथेही काही नसेल तर आउटलाइनच्या खिडकीत त्या पानाच्या वस्तूंची यादी पाहा. माउस घसरून तयार झालेली नखाएवढी रिकामी फ्रेम, तिला वळणं चालू, हे प्रकरण वाटतं त्यापेक्षा नेहमीचं आहे.

‘कंटूर लाइन’ वापरून आकाराभोवती मजकूर वळवला असेल तर ती रेषा फ्रेमच्या आकारापासून वेगळी असते हे विसरू नका. फोटो बदलला, फ्रेम लहान केली, तरी रेषा जुन्या घेरातच राहिलेली असू शकते. ‘रीसेट कंटूर लाइन’ करून पुन्हा काढा.

साखळीतली, म्हणजे मजकूर एकीतून दुसरीत जावा म्हणून जोडलेल्या फ्रेमांतली, एखादी फ्रेम काढून टाकली तर तिच्यातलं मॅटर जात नाही, ते पुढच्या फ्रेमांत ढकललं जातं. हे बरोबरच आहे. पण जाहिरात आली म्हणून पान काढलं आणि साखळी तशीच ठेवली, की फुली शेवटच्या पानावर दिसते आणि शोध मात्र तिथेच घेतला जातो. साखळी तोडताना दोन पर्याय आहेत हेही पाहून घ्या: नुसतं ‘अनलिंक’ केलं की मॅटर साखळीच्या आधीच्या भागात परत जाऊन जमतं, ‘अनलिंक अँड कट टेक्स्ट’ केलं की जिथलं तिथे राहतं.

आणि एक आगाऊ सल्ला. दोनशे पानांच्या पुस्तकाची एकच साखळी करू नका. पहिल्या प्रकरणात स्वल्पविराम घातला तरी पुढचं सगळं पुन्हा बसवलं जातं, प्रोग्राम अडखळतो आणि एका जागचा दोष पुस्तकभर पसरतो. प्रकरणाला एक साखळी ठेवली तर मॅटर पळालं तरी प्रकरणाच्या शेवटच्या पानापर्यंतच पळेल.

तरीही पळतंय: आता प्रोग्राम

वरचं सगळं झाल्यावर प्रीफ्लाइट व्हेरिफायर चालवा. तो ओव्हरफ्लो झालेल्या फ्रेम आणि फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं, दोन्ही दाखवतो. अक्षरांची यादी आधी संपवा. तोपर्यंत फ्लोबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

मग खरी परीक्षा. बिघडलेला परिच्छेद तोच फॉन्ट आणि तीच भाषा देऊन लिब्रेऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये पाहा. तिथेही हार्फबझ असल्यामुळे ठिपक्यांचं वर्तुळ किंवा तुटलेलं जोडाक्षर तिथेही दिसलं तर दोष मजकुराचा, फॉन्टचा किंवा हार्फबझचा, स्क्रायबसचा नाही. टर्मिनलची सवय असेल तर हार्फबझबरोबर ‘एचबी-व्ह्यू’ नावाचं छोटं साधन येतं. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की तो शब्द मध्ये कुठलाही प्रोग्राम न येता जसा जुळतो तसा चित्र म्हणून मिळतो. वादावर पडदा पाडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

अक्षरं सगळीकडे बरोबर, ओळी मात्र फक्त स्क्रायबसमध्ये चुकतात, आणि १.६ मध्ये बरोबर असून १.७ मध्ये चुकतात, असं निघालं तर अभिनंदन, तुमच्याकडे बहुधा खरा बग आहे. आता फाइल छाटायला घ्या. कॉपी करा, अर्धी पानं उडवा. दोष राहिला तर उरलेल्यातली पुन्हा अर्धी. गेला तर उडवलेल्यात शोधा. शेवटी एक पान, एक-दोन फ्रेम आणि एक परिच्छेद उरला पाहिजे. मग स्टाइल काढून पाहा, फोटो काढून पाहा. छाटता छाटता निम्म्या वेळा खरं कारण आपोआप हाती लागतं आणि नोंदवायचं काही उरत नाही.

फॉन्टही बदला. विकतचा फॉन्ट बग ट्रॅकरवर चढवता येत नाही, परवाना आड येतो. मुक्ता आणि नोटो खुल्या परवान्याचे आहेत, त्यातल्या एकात तोच दोष दाखवता आला तर डेव्हलपरांना लगेच हात घालता येतो. फक्त विकतच्याच फॉन्टमध्ये दिसत असेल तर तसं स्पष्ट लिहा, फाइल जोडू नका. जोडायच्या फाइलसाठी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरलं की पान, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये जमा होतात. त्यातून नको ते काढून टाका.

नोंद लिहिताना समोरच्याला मराठी येत नाही हे गृहीत धरा. ‘जोडाक्षर चुकतंय’ याचा त्याला काही उपयोग नाही. कितव्या ओळीतला कितवा शब्द, तो कसा दिसायला हवा त्याचं लिब्रेऑफिसमधलं चित्र, आणि प्रत्यक्ष कसा दिसतोय त्याचं स्क्रायबसमधलं चित्र, दोन्ही लाल वर्तुळ करून जोडा. शब्दातल्या युनिकोड अक्षरांचे क्रमांकही क्रमानं द्या. स्क्रायबसचा पूर्ण बिल्ड क्रमांक अबाउटच्या खिडकीतून घ्या, ऑपरेटिंग सिस्टिम लिहा, आणि लिनक्सवर असाल तर हार्फबझ आणि आयसीयूची आवृत्ती पॅकेज मॅनेजरमधून पाहून तीही लिहा. एका नोंदीत एकच दोष. ‘शिवाय फोटोभोवतीही नीट वळत नाही’ हे वेगळ्या नोंदीत.

नोंद झाली तरी अंक थांबत नाही. छपाईचं काम १.६ वर ठेवा आणि १.७ वर त्याची कॉपी चालवा. १.७ वरच पान लावून झालं असेल आणि परत जाणं शक्य नसेल तर ज्या बिल्डवर पानं तपासली त्याच बिल्डवरून पीडीएफ काढा, आणि प्रेसला जाईपर्यंत ना स्क्रायबस अपडेट करा, ना सिस्टिम, ना फॉन्ट. तोपर्यंत बिघडलेल्या फ्रेमची साखळी तोडून ते पान सुटं ठेवलं तर दुरुस्तीचा बिल्ड आल्यावर तेवढंच एक पान पुन्हा पाहावं लागेल.